जऊळका बंद करा

ताई आधी तुमचं बोट मागायच्या. आपण घाईघाईनं सांगायला जावं, "ताई, तो सर्व्हर हळू चालून राह्यला," तर त्या खुर्ची वळवणार, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणणार आणि समोरच्या भिंतीवरच्या नेटवर्कच्या आकृतीकडे हनुवटी उडवून म्हणणार, "बोट ठेव."

मग आपण उठायचं, भिंतीपाशी जायचं आणि बोट नेमकं कुठं ठेवावं ते शोधत उभं राहायचं. बहुतेक वेळा तिथंच कळायचं, की आपल्याला काय म्हणायचंय ते आपल्यालाच ठाऊक नाही. ताई अशा वेळी कधी हसल्या नाहीत. फक्त त्यांचं टायपिंग थांबायचं, आणि ते फार बोचायचं.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. सगळे "ते आपलं हे" म्हणत पुढे गेलेले असतात, आणि हे एकटं मागं उभं राहून विचारतं, "हे म्हणजे कोणतं?" सुरुवातीला अशा माणसाचा राग येतो. मलाही आला. मी कारंज्याच्या बाजारपेठेत वाढलेला, आमच्या दुकानात अर्ध्या वाक्यात व्यवहार उरकतात. वाशीमच्या त्या नियंत्रण कक्षात नोकरीला लागलो, तेव्हा मला वाटलं, या बाईंच्या शेजारी बसून आपली सगळी जवानी आकृतीवर बोट ठेवण्यात जाणार.

पण त्यांची मजाही होती. ऑफिससमोरच्या टपरीवर साधा चहा आणि 'स्पेशल' असे दोन प्रकार होते. वर्षानुवर्षं लोक स्पेशल मागत होते. ताईंनी एकदा टपरीवाल्याला विचारलं, "भाऊ, स्पेशलमध्ये काय टाकता?" तो म्हणाला, "विलायची." ताई म्हणाल्या, "दाखवा बरं डबी." डबी निघेना. शेवटी त्यानं हात जोडले. "बाई, चहा तोच हाये. गिलास मोठा हाये." त्या दिवसापासून ताई त्याच्याकडे "मोठा गिलास" मागू लागल्या, आणि आठवड्याभरात आमचं अख्खं ऑफिस तेच मागू लागलं. टपरीवाला मात्र त्यांच्यावर खूश होता. म्हणे, खोटं बोलायची कटकट गेली.

ताई मालेगावला राहायच्या. आमचं मालेगाव म्हणजे जहांगीरचं, वाशीमच्या रस्त्यावरचं. रोज तिथून एस.टी.नं यायच्या आणि बसमधून उतरल्या उतरल्या, अंगावरचा धुरळा झटकायच्या आधी, मला कालचं अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण करून सांगायच्या. शिक्षण पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, तोही मराठी शाळेतून आल्यावर डोकं आपटत केलेला. जऊळक्याजवळच्या गावात विहाराच्या ओट्यावर बसून अभ्यास केला, असं सांगायच्या. इंग्रजी वाचायच्या झरझर. बोलायची वेळ आली, की माझ्याकडे बघायच्या.

आता आमचं काम काय, ते सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जिल्ह्यातल्या बँका, दवाखाने, तहसील कचेऱ्या यांचं नेटवर्क आमची कंपनी सांभाळायची. पूर्वी यात एका कामाला एक यंत्र असे. लोखंडी पेटी, तिच्यावर दिवे, पाठीमागे तारा. मालेगावचं काम करणारी पेटी मालेगावात, जऊळक्याची जऊळक्यात. मग नवीन पद्धत आली. पेट्या सगळ्या सारख्याच. काम म्हणजे त्यांच्यावर चालणारा प्रोग्रॅम. वाशीमला बसून एका पेटीवरचं काम उचलायचं आणि दुसऱ्या पेटीवर नेऊन ठेवायचं. याला नेटवर्क व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. पहिल्यांदा मी स्वतःच्या हातानं मंगरूळचं काम रिसोडच्या पेटीवर हलवलं, आणि मंगरुळात कोणाला पत्ताही लागला नाही, तेव्हा मी खुर्चीतून उठून नाचलो होतो. ताईसुद्धा म्हणाल्या, "बम भारी हाये हे."

नावं मात्र आम्ही जुनीच ठेवली. हे आमच्याकडेच होऊ शकतं. आमच्या भागात वावराला एकदा नाव पडलं, की ते पिढ्यान् पिढ्या हलत नाही. बोराटीच्या वावरात आज औषधालासुद्धा बोराचं झाड नसतं, पण ते बोराटीचंच. तसं पेटीचं नाव जऊळका, तिच्यावरच्या कामाचं नावही जऊळका. काम उठून कारंज्याच्या पेटीवर गेलं, तरी ते जऊळकाच. आणि रिकाम्या झालेल्या जऊळक्याच्या पेटीवर मालेगावचं काम येऊन बसलं, तरी पेटी जऊळकाच. आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. ताई दोनदा म्हणाल्या होत्या, "हे एक दिवस अंगावर येईन." आम्ही हो म्हणून सोडून दिलं.

तो दिवस उन्हाळ्यातला. भर दुपारी जऊळक्याचं काम अडकलं, तेव्हा ते कारंज्याच्या पेटीवर होतं; वाशीमहून ते हलेना, म्हणून जागेवरच बंद करून पुन्हा सुरू करायचं होतं. आमच्या खोलीतून सगळ्या पेट्यांवरच्या माणसांना, तसा जऊळक्याच्याही माणसाला, एकच संदेश गेला, "जऊळका बंद करा."

जऊळक्याचा माणूस म्हणजे शेषराव. पन्नाशी ओलांडलेले, कंत्राटावरचे, स्टेशनापलीकडच्या खोलीतली ती पेटी लेकरासारखी पुसून ठेवणारे. त्यांच्यासमोर एकच जऊळका होतं, दिवे लुकलुकणारं. त्यांनी बटण दाबलं. त्यासरशी अख्ख्या मालेगावचं नेटवर्क गेलं. बँकेत रांगा थांबल्या, दवाखान्यात रिपोर्ट अडकले, तहसीलमध्ये दाखल्यासाठी आलेली माणसं उन्हात बसून राहिली. दुरुस्त व्हायला संध्याकाळ झाली.

दुसऱ्याच दिवशी शेषरावांना कामावर येऊ नका म्हणून कळवलं. आरोप एका ओळीचा होता: खात्री न करता यंत्र बंद केलं. चौकशी होईपर्यंत घरी, आणि चौकशीत दोषी ठरले तर कायमचे घरी.

आणि तो संदेश कोणी पाठवला होता? मी. आमच्या खोलीतून जाणाऱ्या संदेशावर फक्त 'नियंत्रण कक्ष, वाशीम' असं पडतं, माणसाचं नाव पडत नाही. त्या पाळीला खोलीत दोघेच होतो, ताई आणि मी. कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. मी त्यांतला एक होतो, एवढंच सांगतो.

चारेक दिवसांनी ताई म्हणाल्या, "चाल, शेषरावभाऊकडे जाऊन येऊ." माझ्या मोटारसायकलवर आम्ही जऊळक्याला गेलो. शेषराव बाजेवर बसले होते. आम्हाला बघून उठले, पाणी आणायला सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता ताईंना म्हणाले, "बाई, मले सांगा, म्या दुसरं काय बंद कराले पायजे होतं? तेथं दुसरं होतं काय?"

"नव्हतं, भाऊ," ताई म्हणाल्या.

"मंग माही चूक कोणती?"

मी पाण्याचा गिलास हातात धरून अंगणातल्या कोंबड्या मोजत होतो.

आम्ही परत निघालो. मग मागून त्यांचा आवाज आला, वाऱ्यात अर्धा विरलेला. "माह्या आजोबाले गावात कोणी नावानं हाक नाई मारे. कामाच्या नावानं मारत. आजोबानं ते काम सोडलं, दुसऱ्याच्या वावरात गेला, मंग स्वतःचं दीड एकर घेतलं. तरी हाक तीच." थोड्या वेळानं म्हणाल्या, "माणूस एक, काम एक, जागा एक. तिन्हीले तीन नावं पायजेत." मी गाडी नीट चालवत राहिलो.

आता यातला योगायोग बघा. त्याच दिवसांत देशपातळीवरच्या एका समितीनं या नव्या पद्धतीच्या मानकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. मानक म्हणजे सगळ्यांनी एकाच पद्धतीनं करायचं ठरवलेलं काम. त्यात कशाला काय म्हणायचं, हेही ठरतं. मसुद्यात एक शब्द होता, 'नोड'. पेटीलाही नोड, पेटीवरच्या कामालाही नोड. आमच्या कंपनीचे सगळे नियम याच मसुद्यावरून उचललेले. म्हणजे शेषराव ज्या खड्ड्यात पडले, तो खड्डा वरपासून खणत आणलेला होता. ताईंनी सूचना पाठवली, आणि तीन आठवड्यांनी त्यांना बैठकीचं बोलावणं आलं. स्क्रीनवरचीच बैठक, पण बोलावणं खरं.

काय सांगू, त्या दिवशी आमच्या ऑफिसात लग्नघर झालं होतं. कोणी कॅमेरा पुसतंय, कोणी पंख्याचा आवाज बंद करतंय. ताई निळी साडी नेसून आल्या होत्या आणि वर वर शांत होत्या, पण टेबलाखाली त्यांची चप्पल सारखी टकटक वाजत होती. मी दुभाषी.

स्क्रीनवर चौदा चेहरे. मोठमोठ्या कंपन्यांचे लोक, प्राध्यापक, आणि अध्यक्ष एक निवृत्त गृहस्थ, बोलायला मऊ. ताईंची सूचना वाचली गेली: पेटी, पेटीवरचं काम आणि जागा यांना वेगवेगळी नावं द्यावीत, आणि कोणत्याही आदेशात यांतलं कोणतं ते लिहिल्याशिवाय तो आदेश ग्राह्य धरू नये. लगेच एक तरुण साहेब म्हणाले, एवढ्या बारकाव्याची गरज नाही, संदर्भावरून अर्थ कळतो.

मी ताईंना ते सांगितलं. त्या माइककडे वाकल्या आणि माझी वाट न बघता मराठीतच बोलल्या, "साहेब, तुमचा संदर्भ तुमच्या खोलीत हाये. शेषराव जऊळक्यात हाये."

मी ते इंग्रजीत सांगितलं. कोणीतरी विचारलं, शेषराव कोण? ताईंनी सांगितलं, मी भाषांतर केलं, आणि तेव्हाही 'संदेश पाठवणारा' या शब्दावरून मी भरभर पुढे गेलो.

साहेब काही मानेनात. म्हणाले, ही स्थानिक पातळीची चूक आहे, इथं बसलेल्या कोणाचा नोड या शब्दावरून गोंधळ होणार नाही. दोन-तीन माना डोलल्या. अध्यक्ष पुढच्या मुद्द्याकडे वळणार, असं वाटलं. माझं तोंड पडलं. तेवढ्यात ताई मला म्हणाल्या, "त्याइले सांग, आकृती स्क्रीनवर लावा. अन् परतेकानं नोडवर बोट ठेवा."

मला वाटलं, झालं. चौदा विद्वानांना बाई बोट ठेवायला लावतायत. पण सांगितलं. अध्यक्षांना गंमत वाटली असावी. त्यांनी मसुद्यातली आकृती लावली आणि म्हणाले, प्रत्येकानं आपल्या माउसनं एकेक ठिपका द्यावा. आकृती साधीच होती, खाली यंत्रं, मधे ती वाटून देणारा प्रोग्रॅम, वर कामं.

ठिपके पडू लागले. पहिला खालच्या यंत्रावर. दुसरा वरच्या कामावर. तिसरा मधल्या पट्ट्यावर. मी खुर्चीच्या कडेवर आलो. एक ठिपका दोन यंत्रांमधल्या रेषेवर पडला. तरुण साहेबांचा कामावर, आणि त्यांच्याच कंपनीच्या दुसऱ्या माणसाचा यंत्रावर. सगळ्यांत शेवटी अध्यक्षांचा ठिपका पडला, तो आकृतीच्या बाहेर कोपऱ्यात. ते इतकी वर्षं सगळ्या आकृतीलाच मिळून नोड समजत होते.

मग अध्यक्ष हसायला लागले आणि त्यांच्यामागून सगळे. तरुण साहेबही कपाळाला हात लावून हसत होते. ताई तेवढ्या हसत नव्हत्या, त्या चौदाही ठिपके वहीत उतरवून घेत होत्या.

पुढचा तास म्हणजे नुसती धमाल. ताईंनी त्यांना वावराची गोष्ट सांगितली. आमच्या गावात कोणाला म्हटलं, बोराटी काढून टाक, तर तो उभ्या उभ्या तीन गोष्टी विचारतो: वावर कोणाचं, मक्त्यानं, म्हणजे मालकाला ठरलेली रक्कम देऊन, करून कोण राह्यलं, आणि त्यात आता उभं काय हाये, तूर का सोयाबीन. तीन उत्तरं मिळाल्याशिवाय विळा उचलत नाही. मी 'मक्तेदार' हा शब्द समजावून सांगत होतो, तर एक प्राध्यापक बाई उसळून म्हणाल्या, अहो, हा तर आपल्याच मसुद्यात आहे. दुसऱ्याच्या यंत्रावर आपलं नेटवर्क चालवणाऱ्याला त्यांनी तिथं भाडेकरू असाच शब्द घेतला होता. ताईंचे डोळे असे चमकले, की बस. मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "पाह्य, त्याइच्याकडेबी मक्तेदार हाये."

शेवटी यंत्राला 'होस्ट', त्यावर चालू असलेल्या कामाला 'इन्स्टन्स', जागेला तिसरं स्वतंत्र नाव, आणि आदेशात तिन्ही लिहिणं सक्तीचं, असं ठरलं. कोणाचा विरोध? अध्यक्षांनी विचारलं. कोणाचाच नव्हता. आमच्या खोलीत दाराशी उभ्या असलेल्या शिपायापासून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आता शेषरावभाऊचं."

चौकशी पुढच्याच आठवड्यात होती. अधिकारी बाहेरून आलेले, कोरडे पण सरळ. ताईंनी समितीच्या बैठकीचा वृत्तांत पुढे ठेवला. चौदा जाणकारांना जे एका जागी दाखवता आलं नाही, ते शेषरावांना ओळखता आलं नाही म्हणून शिक्षा करायची का, असं विचारलं. अधिकाऱ्यांनी ते नीट वाचलं. मग म्हणाले, "मान्य. पण मग पाठवणाऱ्याच्या मनात कोणतं जऊळका होतं, ते कळलं पाहिजे. संदेश कोणी पाठवला?"

त्यांची नजर ताईंवर गेली, कारण त्या वरिष्ठ. ताईंनी तोंड उघडलं. "आमच्या खोलीतून..."

मी उभा राहिलो. "मी पाठवला," मी म्हणालो. "माझ्या मनात काम होतं. यंत्राचा विचारच केला नव्हता. शेषरावभाऊंनी मी लिहिलं तेच केलं."

शेषराव तिथंच भिंतीशी बसले होते. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ताईंनी माझ्या शर्टाची बाही धरून खाली ओढलं. "बस आता. अजून दोन पानं वाचाची राह्यली."

आठ दिवसांत शेषराव कामावर आले. मला ताकीद मिळाली, ती मी घरी कोणाला दाखवली नाही. पण इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी ताईंना तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "अस्सं," आणि कामाला लागल्या.

त्यानंतर वर्षभरानं ताईंची नागपूरच्या प्रशिक्षण केंद्रावर बदली झाली. नव्या मुलामुलींना शिकवायला. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या खुर्चीवर बसायला कोणी तयार होईना. शेवटी मी बसलो, पण खुर्ची त्यांच्यासारखी वळवत नाही. ते मला जमत नाही.

मानक छापून आलं, ते ताई गेल्यावर. मी आधी व्याख्या वाचल्या, आमचे तिन्ही शब्द जिथल्या तिथे. त्यात कोणाचं नाव नाही. मानकात माणसांची नावं घालत नाहीत. मग शेवटी जोडलेलं एक पान दिसलं. उदाहरणाचं पान. ताईंनी आपल्या सूचनेसोबत ते पाठवलं होतं, आणि समितीनं जसंच्या तसं घेतलं होतं. मला त्यांनी ते कधी दाखवलं नव्हतं.

इंग्रजी सरळ होतं, ताईंचंच वाटावं असं. नियंत्रण कक्षातल्या माणसानं संदेश पाठवला. त्याच्या मनात काम होतं. त्यानं त्याला दिलेलं एकमेव नाव वापरलं. जागेवरच्या माणसानं यंत्र बंद केलं. त्यालाही तेच एक नाव दिलेलं होतं. दोघांनीही आपलं काम नीट केलं.

दोघांनीही. मी ते पुन्हा वाचलं. सोबत सूचना कधी आल्या त्याची यादी होती. ताईंच्या सूचनेपुढची तारीख पाहिली. मालेगाव बंद पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मी कबुली दिली, त्याच्या महिनाभर आधीची.

तो दिवस मला चांगला आठवतो. शेषरावांना घरी बसवल्याची बातमी नुकतीच आली होती. दुपारी डबा खाताना मी सगळ्यांना मोठ्या आवाजात सांगत होतो, की या वयात माणसाला नवीन यंत्रं झेपत नाहीत, शेषरावांनी आता हे काम करूच नये. ताई माझ्या शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "जेव."